छंदापुरते यंत्र, ऐपतीपुरता खर्च

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक मागणी हमखास पुढे येते. थोरल्याला कॅमेरा हवा असतो. मुलीचा गळा गोड असतो, तिला नात रेकॉर्ड करायला माइक हवा असतो. धाकट्याला चंद्र-तारे पाहायला दुर्बीण हवी असते. अम्मी म्हणते, "पोरं चांगल्या गोष्टीत रमतात, घेऊन देऊ या." अब्बा म्हणतात, "पैसे काय झाडाला लागतात?" दोघांचेही खरे असते. पालकसभा संपल्यावर आया थांबून हाच प्रश्न विचारतात, म्हणून या महिन्याचा लेख त्यावरच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू या. छंदावर पैसा खर्च करणे म्हणजे इसराफ, असे काही घरांत सरसकट मानले जाते. इसराफ म्हणजे गरजेची आणि उपयोगाची हद्द ओलांडून केलेला खर्च. हजार रुपयांचा माइक घेऊन मुलगी वर्षभर रोज अर्धा तास सराव करते, तो इसराफ नाही. तीस हजारांचा कॅमेरा ईदच्या दिवशी दोन तास गळ्यात मिरवून वर्षभर कपाटात पडून राहतो, तो मात्र नक्कीच इसराफ आहे. म्हणजे किंमत पाहताना नुसता दुकानातला आकडा पाहायचा नाही. ती वस्तू किती तास वापरली जाईल, त्याने त्या आकड्याला भागायचे. हजाराचा माइक दोनशे तास वापरला तर तासाला पाच रुपये पडले. तीस हजारांचा कॅमेरा दहा तास वापरला तर तासाला तीन हजार! चौथीतल्या मुलालाही हा भागाकार येतो. तो त्यालाच करायला सांगा.

आधी छंद, मग वस्तू

छंद खरा आहे की शेजारच्या मुलाकडे पाहून आलेली हौस आहे, हे ओळखायचा सोपा उपाय आहे. घरात जो मोबाइल आहे त्यावर दोन-तीन महिने तो छंद करून पाहायला सांगा. कॅमेऱ्याचा हट्ट असेल तर रोज एक फोटो: पहाटेचा प्रकाश, विहिरीवरची सावली, केळीच्या पानावरचे थेंब, वसईच्या किल्ल्याची तटबंदी. आपल्या सांडोरच्या आसपास विषयांना तोटा नाही. तीन महिन्यांनी साठ-सत्तर बरे फोटो जमले, तर मुलाला यंत्राची गरज आहे. दहा दिवसांत कंटाळा आला, तर पैसे वाचले आणि मुलाला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली.

लहान मुलांसाठी तर बिनपैशाचा कॅमेराही आहे. बुटाच्या खोक्याच्या एका बाजूला टाचणीने बारीक छिद्र पाडा, समोरच्या बाजूला चौकोन कापून पातळ बटरपेपर लावा. अंधाऱ्या खोलीत बसून छिद्राची बाजू उजेडातल्या खिडकीकडे धरली की कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा दिसते. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. आजचा कॅमेराही त्याच तत्त्वावर चालतो.

आवाजाचा छंद: सर्वांत स्वस्त, सर्वांत मोलाचा

नात, किराअत, गझल, गोष्ट सांगणे, या सगळ्यांसाठी सुरुवातीला मोबाइल पुरेसा आहे. रेकॉर्डिंग खराब येते ते बहुतेक वेळा फोनमुळे नाही, तर अंतरामुळे आणि खोलीमुळे. बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर निम्मे केले की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती चौपट होते. पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून फोन टेबलावर लांब ठेवू नका, तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. बाजूला अशासाठी की 'प', 'फ' उच्चारताना निघणारी हवा थेट माइकवर आदळू नये.

खोली निवडताना गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली खोली निवडा. फरशी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात, कापड तो शोषून घेते. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. एवढे केले की फुकटात निम्मे काम होते.

यानंतर खर्च करायचाच असेल तर कॉलरला लावायचा तारेचा छोटा माइक घ्या. तो हजार रुपयांच्या आसपास मिळतो. घेण्यापूर्वी आपल्या फोनला गोल भोक आहे की फक्त टाइप-सी, ते पाहा. गोल भोक नसेल तर टाइप-सीचाच माइक घ्या. बिनतारी माइक दिसायला छान, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकते. तारेचा माइक नीट गुंडाळून ठेवला तर कितीतरी वर्षे चालतो. रेकॉर्डिंग शक्यतो 'वेव्ह' प्रकारच्या फाइलमध्ये करा. एका मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते, पण नंतर काटछाट करताना दर्जा घसरत नाही. काटछाटीसाठी 'ऑडॅसिटी' ही मोफत प्रणाली संगणकावर चालते. पैसे देऊन प्रणाली घेण्याची काहीच गरज नाही.

आणि एक विनंती. हा माइक मुलांनी एकदा नानीच्या, दादीच्या ओढणीलाही लावावा. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका जी बोली बोलतात, लग्नातल्या ज्या रीती सांगतात, भात-मासळीच्या ज्या आठवणी काढतात, त्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. आपण शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, ती बोली कोणी शिकवत नाही. त्या उठून गेल्या की ती बोलीही गेली. नानीला विचारा, "तुमच्या लहानपणी रमजान कसा असायचा?" आणि मध्ये न बोलता ऐका. फाइलला नाव आणि तारीख द्या, दोन ठिकाणी साठवा. हजार रुपयांच्या वस्तूचे याहून मोठे मोल मला तरी दुसरे दिसत नाही.

कॅमेरा: जुना घ्या, पण पारखून

सजीवांच्या छायाचित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना सावध राहायचे आहे त्यांना वास्तू, निसर्ग, आकाश, सुलेखन, पाने-फुले असे पुष्कळ विषय आहेत. छंदाला माणसांचे चेहरेच लागतात असे नाही.

नवीन कॅमेऱ्याची किंमत झपाट्याने उतरते, पण त्यातून येणाऱ्या फोटोचा दर्जा उतरत नाही. उदाहरणार्थ निकॉनचा डी ३१०० हा कॅमेरा २०१० साली आला, तो १४.२ मेगापिक्सेलचा आहे. मासिकाच्या पानभर छापायला तेवढे पुरते. शिकणाऱ्याला असा जुना कॅमेरा नव्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. मात्र या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेले असेल तरच ती आपोआप फोकस करते. हे माहीत नसले की स्वस्तातली लेन्स महाग पडते.

जुना कॅमेरा पाहताना या गोष्टी तपासा:

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. बारीक धुळीचे दोन-चार कण चालतात.

पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, त्यासाठी छिद्राचा आकडा १६ ठेवा. फोटोत काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आतापर्यंत किती फोटो काढले गेले ते विचारा. सुरुवातीच्या वर्गातल्या अशा कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत तपासलेले असते. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो.

बॅटरीचे झाकण उघडून गंज किंवा हिरवट थर पाहा. आपल्यासारख्या समुद्रकाठच्या भागातल्या वस्तूंना हा आजार जास्त.

घरी आणल्यावर खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते. वसईच्या पावसाळी हवेत दमटपणा फार, आणि तोच बुरशीचे खाद्य. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नका, चामडे ओल धरते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणाऱ्या गोळ्या मिळतात. रंग बदलला की त्या गरम करून वाळवायच्या, पुन्हा कामाला येतात. दर आठ-दहा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून वापरा. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लवकर लागते.

चांद पाहणाऱ्यांसाठी

शाबान आणि रमजानच्या २९ तारखेला संध्याकाळी सुरुची बागेच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे डोळे लावणारी मुले मला फार आवडतात. त्यांना खेळण्यातल्या दुर्बिणी घेऊन देऊ नका. खोक्यावर 'पाचशे पट' असे लिहिलेले असते, पण ५० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून शंभर पटीपलीकडे काही स्पष्ट दिसत नाही. त्याऐवजी दोन डोळ्यांनी पाहायची '८ गुणिले ४०' किंवा '१० गुणिले ५०' अशी दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ५ येते. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशझोत ५ मिलिमीटरचा असतो. संधिप्रकाशासाठी तो उत्तम. घेताना दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहा. एकाचे दोन खांब दिसले तर भिंगांची जुळणी बिघडली आहे.

सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे रोखायची नाही, ही सक्त ताकीद मुलांना द्या. क्षणभराच्या चुकीने डोळा कायमचा जाऊ शकतो. बाकी आकाशाचा नकाशा 'स्टेलॅरियम' या प्रणालीत मोफत आहे.

बाजारात जाताना

वसई रोडहून ग्रँट रोडला उतरले की पायी अंतरावर लॅमिंग्टन रोड आहे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव दिसेल. माइक, तारा, जोडण्या, चार्जर, सुटे भाग यांसाठी हा बाजार. जुने कॅमेरे आणि त्यांची दुरुस्ती यांसाठी फोर्टातला बोरा बाजार, सीएसएमटी स्थानकाजवळ. भेंडी बाजारालगतचा चोर बाजार जुन्या रेडिओ-ग्रामोफोनच्या शौकिनांसाठी आहे. तिथे वॉरंटी मागायची नसते, डोळे उघडे ठेवायचे असतात. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकाने बंद असतात.

कुठेही जा, तीन नियम पाळा. पहिला: चालवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुसरा: पावती. "बिल के साथ अठरा परसेंट लगेगा" असे ऐकले की आपण पावती सोडून देतो. पण नव्या वस्तूची वॉरंटी आणि ग्राहक म्हणून तुमचा हक्क त्या कागदावरच उभा असतो. ती अठरा टक्क्यांची 'बचत' म्हणजे चोरीतला वाटा आहे, हेही लक्षात ठेवावे. तिसरा: चार्जर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो क्रमांक खरा की खोटा ते कळते. चार्जरमध्ये वाचवलेले दोनशे रुपये घराला आग लावू शकतात.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेले असते, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. फोनला ५ व्होल्टने पुरवठा करताना आणि वाटेतले नुकसान धरता प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात. ही फसवणूक नव्हे, हिशेब आहे. फक्त तो आपल्याला माहीत हवा.

जुना मोबाइल घेणार असाल तर *#०६# दाबून त्याचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहा. संदेशात केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तसे उत्तर येते. चोरीचा माल स्वस्तात मिळाला म्हणून तो हलाल होत नाही.

'नो कॉस्ट' हप्त्यांचा हिशेब

आता सर्वांत नाजूक विषय. "व्याज नाहीच, मग हरकत काय?" असे म्हणून अनेक घरांत कॅमेरे आणि फोन हप्त्यांवर येतात. आत काय घडते ते पाहू. समजा वस्तू १८,००० रुपयांची, सहा हप्ते ३,००० चे. बँक वर्षाला पंधरा टक्क्यांनी कर्ज देते. तेव्हा कागदावर कर्ज असते सुमारे १७,२३८ रुपयांचे आणि व्याज सुमारे ७६२ रुपयांचे. दुकानदार किंवा कंपनी तेवढीच ७६२ ची सूट देते, म्हणून तुमच्या डोळ्यांना व्याज दिसत नाही. पण ते आकारले जाते, तुमच्या खात्याच्या विवरणात छापले जाते, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे साधारण १३७ रुपये तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क असले तर ते वेगळे. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ सालीच बँकांना सांगितले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते.

हा व्यवहार शरियतच्या दृष्टीने कसा, ते आपल्या विश्वासातल्या आलिमांना हा सगळा हिशेब दाखवून विचारा. नुसते "नो कॉस्ट आहे" एवढे सांगून विचारू नका. मी गृहिणींना एवढेच सुचवते: रोख पैसे देणार असाल तर ती ७६२ ची सूट आपल्याला मागा. कित्येकदा मिळते. आणि रोख नसेल तर सहा महिने तीन-तीन हजार बाजूला टाका, किंवा मोहल्ल्यातल्या बायकांच्या बिनव्याजी बीसीत नंबर लावा. ते सहा महिने वाया जात नाहीत. त्याच काळात मुलाचा छंद मोबाइलवर पारखला जातो, आणि तोवर वस्तूची किंमतही बहुधा खाली येते.

विकताना आणि देताना

छंद बदलतात. वस्तू कपाटात ठेवू नका, पुढे जाऊ द्या. विकताना तिचा दोष आधी सांगा. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. ते वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. जुना फोन विकणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू आहे. बॅटरी अर्ध्या दिवसात उतरते, हे सांगूनच विका. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क फिकहमध्ये मान्य आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आठ दिवसांत परत घेईन, असा शब्द स्वतःहून द्या.

फोन विकण्यापूर्वी सर्व खाती काढून फॅक्टरी रीसेट करा. मेमरी कार्ड मात्र कधीही विकू नका. कार्ड नुसते साफ केले तरी त्यातले जुने फोटो परत मिळवता येतात, आणि त्यात घरच्या लेकी-सुनांचे फोटो असतात. दोन-चारशे रुपयांसाठी तो धोका नको.

दुर्बिणीसारखी वस्तू तर तीन-चार घरांनी मिळूनही घेता येईल. रोज लागत नाही, आणि कोणाकडे किती दिवस ठेवायची याची वही मुलांनीच लिहिली तर अमानत म्हणजे काय तेही शिकतील.

नव्या वस्तूत दोष निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पावती हवी, एवढेच.

या महिन्यात खरेदी काहीच करू नका. घरातली कपाटे उघडा आणि पडून असलेल्या विजेच्या वस्तूंची यादी मुलांकडून करून घ्या: जुने फोन, हेडफोन, बंद पडलेला टेप, कोणाचा तरी डिजिटल कॅमेरा. काय चालते, काय दुरुस्त होईल, काय कोणाला देता येईल, अशा तीन रांगा करा. फुगलेल्या बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मुलाला हवे असलेले यंत्र कदाचित पहिल्या रांगेतच सापडेल, इन्शाअल्लाह. यादीत काय काय निघाले ते पत्राने जरूर कळवा.

वस्सलाम.